बिनपांघरुणाचं

रविवार, अकरा जानेवारी. स्थळ : अनसिंग. कमलताईंची तेरवी. घरातले हजर : मुलगा प्रशांत, सून रेखा. बाहेरचे हजर : वाशीमहून आलेल्या कॉफी शॉपवाल्या मीनलभाभी आणि शेजारची मी. अंगणात ताईंची लाल स्कूटी, जुन्या चादरीखाली झाकलेली. तिला हजर धरावं की नाही, ते मला ठरवता आलं नाही.

कमलताई निवृत्त नर्स. या स्कूटीवरून आसपासच्या खेड्यांत जाऊन त्यांनी बाळंतपणं केली, लसी टोचल्या. गाव त्यांना शिस्टरबाई म्हणे. मग शुगर निघाली आणि पाठोपाठ दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. एकदा त्या उभ्या बैलगाडीला जाऊन धडकल्या, तेव्हा प्रशांतने स्कूटीची किल्ली काढून घेतली. शुगर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. ताईंनी मनाशी सगळं आखून ठेवलं होतं. शुगर उतरली की डोळे, डोळे झाले की किल्ली.

"किल्ली जपून ठेव बरं, प्रशांत," त्या म्हणायच्या. "मी काही जन्मभर दुसऱ्याच्या मांगं बसनार नाही."

शुगर मलाही आहे. म्हणून तपासणीला आम्ही दोघी वाशीमला बरोबर जायचो. उपाशीपोटी रक्त द्यायचं, काहीतरी खायचं, दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. हे दोन तास मोठे अवघड. बसस्टँडच्या बाकावर काढावेत, तर स्वच्छतागृहाचं नाव काढायची सोय नाही. हॉटेलात जावं, तर कचोरी, आलुबोंडा, पोहे. सगळं मैद्याचं, बटाट्याचं नाहीतर तांदळाचं. एका हॉटेलवाल्याने तर ताईंपुढे साबुदाण्याची खिचडी आणून ठेवली. "उपासाचं हाय, बाई. हलकं असते. यानं शुगर वाढत नाही."

"काहून रे बाप्पा, उपास मी करतो का माही शुगर करते?" ताईंनी बशी त्याच्याकडेच सरकवली.

त्याच दिवशी आम्हाला मीनलभाभींचं कॉफी शॉप सापडलं. नवंच होतं. पाठ टेकायला खुर्ची, स्वच्छ बाथरूम, आणि मुख्य म्हणजे खाऊन झालं म्हणून कोणी उठवत नव्हतं. खाण्याच्या नावाने मात्र तिथेही पाव आणि केक. ताईंनी पनीर सँडविच मागवलं आणि वर म्हणाल्या, "पोरी, त्याचं पांघरूण काढून आन."

भाभी गोंधळल्या. "काकू, ब्रेड काढला तर त्याला सँडविच कसं म्हणायचं?"

"आमच्या दवाखान्यात पांघरूण काढूनच पेशंट तपासत. पांघरूण काढलं म्हनून काय पेशंट बदलते?"

भाभी इतक्या हसल्या की गल्ल्यावरून उठून स्वतः आत गेल्या. भाजलेलं पनीर, ढोबळी मिरची, काकडी अशी बशी घेऊन आल्या. सोबत फिकी, बिनसाखरेची कॉफी. पुढे त्या बशीचं नाव 'बिनपांघरुणाचं' असंच पडलं. तपासणीला आलेले इतर लोकही ते मागू लागले.

दर वेळी ताई मेनूकार्ड नाकाशी धरत, मग माझ्याकडे देत. "वाच व मंदे."

"ताई, घ्यायचं तर तेच आहे."

"वाच ना. काय काय खायचं नाही, ते तं समजू दे."

मी केकपासून वाचत जायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या. चॉकलेटच्या नावाला "हं, मंग?" म्हणायच्या. हे वाचन कधी लवकर आटपू देत नसत.

डिसेंबरात रिपोर्ट हवा तसा आला. ऑपरेशनची तारीख मिळाली. त्या दिवशी घरी येताच त्यांनी स्कूटीच्या सीटवर चादरीवरूनच थाप मारली. "थांब थोडी. तुयं बी पांघरूण काढतो आता." मग माझ्याकडे वळल्या. "आन् मंदे, तुलेही शिकवतो. किती दिवस बसची वाट पाह्यशील?"

ऑपरेशन चार दिवसांवर आलं असताना पहाटे झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. रेखा चहा घेऊन खोलीत गेली होती. चहा फिकाच होता.

आज तेरवीला त्यांच्या आवडीचं पान वाढायचं होतं. रेखाने पुरणपोळी केली होती. ताईंचा जीव होता पुरणावर, पण शुगर निघाल्यापासून त्यांनी पुरणपोळीला हात लावला नव्हता. मीनलभाभींनी पिशवीतून डबा काढून पुढे ठेवला. पनीर, ढोबळी मिरची, काकडी. पानापुढे बसलेल्या प्रशांतने माझ्याकडे पाहिलं.

"काकू, काय ठेवू?"

"दोन्ही ठेव," मी म्हणाले. "आता त्यांना शुगर नाही."

तो तिथेच रडू लागला. या तेरा दिवसांत मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

निघताना त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली. "गाडी तुमी घ्या. आई म्हने, मंदाले शिकवनार हाय."

घरी येऊन मी कामं लिहून काढली. पांघरूण काढणे. हवा भरणे. बॅटरी तपासणे. शिकवणारं कोणी शोधणे. पुढच्या तपासणीचा दिवसही जवळ आला आहे. संध्याकाळी दोनदा त्यांच्या अंगणात गेले. चादरीचं टोक हातात धरलं आणि तसंच सोडून परत आले. पहिलंच काम अडलं आहे, त्यामुळे खालचं एकही सुरू करता येत नाही.