तीन गावांतले तुकडे

चंदर गावित पेठकडच्या डोंगरातला. आयटीआय करून तो अंबडला आला आणि २००५ साली एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळू लागला. जिल्ह्यातल्या दवाखान्यांचे स्कॅन तिथं साठवले जात. अंबड, सिन्नर आणि नांदगाव, तिन्ही ऑफिसांत प्रत्येक स्कॅनची पुरी प्रत असे.

डिस्क विकत घेता घेता शेठ वैतागले, तेव्हा चंदरनंच तोड काढली. स्कॅनचे दोन तुकडे करायचे. एक अंबडला, एक सिन्नरला, आणि दोन्हींवरून गणितानं काढलेला तिसरा नांदगावला. कुठलेही दोन हाताशी असले की स्कॅन पुरा. खर्च निम्म्यावर आला.

"आणि दोन जागा एकदम गेल्या तर?" शेठनी विचारलं.

"दोन कशा जातील, शेठ?"

दोन वर्षांनी भरदुपारी चौघे जण पहार आणि हातोडा घेऊन अंबडच्या ऑफिसात घुसले. ती एका ठेकेदाराची माणसं. त्यांनी एका मजुराला पाइपनं मारून मारून संपवलं होतं. मरण्याआधी काढलेला त्याच्या डोक्याचा स्कॅन कोर्टात जाणार होता. दवाखान्यातली फिल्म तर आधीच गायब झाली होती.

त्यांनी मशिनी फोडल्या, डिस्का ओढून ठेचल्या. मग चंदरचा उजवा हात टेबलावर दाबून धरला.

"अजून कुठंय?"

"नाय कुठं."

हातोडा बसला. करंगळीचा चेंदामेंदा झाला. दुसऱ्या घावाला शेजारचं बोट गेलं. तिसऱ्यांदा हातोडा वर गेला आणि चंदर किंचाळला, "सिन्नर! सिन्नरच्या ऑफिसात!"

त्याच्या तोंडावर लाथ घालून ते जीपमधून सुसाट निघाले. चंदर रक्त थुंकत शेजारच्या वर्कशॉपात सरपटत गेला. डाव्या हातानं त्यानं सिन्नरला फोन लावला.

"मीनाताई, डिस्का काढा आन् पळा! मारायला येतायत!"

तिथलं ऑफिस बघणाऱ्या मीनानं चालू मशीनमधून डिस्का उपसल्या, ओढणीत गुंडाळल्या. "सहादूबाबा, चला!" तिनं म्हाताऱ्या वॉचमनला हाक मारली.

"तू हो पुढं. कुलूप लावतो अन् आलोच."

मीना मागच्या दारानं निसटली. सहादूबाबा मागं रेंगाळले आणि जीप आली. रिकाम्या मशिनी पाहून चौघांचं टाळकं फिरलं. पहार बाबांच्या तोंडावर बसली. डावा डोळा जागीच फुटला.

सिन्नर-नांदगावचे तुकडे जुळवून स्कॅन उभा राहिला. फुटलेली कवटी न्यायाधीशांनी पाहिली. ठेकेदारासकट पाचही जण जन्मठेपेला गेले. शेठनी कुरकुर न करता चौथी जागा घेतली. आता दोन गेल्या तरी चालणार होतं.

चंदर मोडका हात घेऊन सहादूबाबांच्या घरी गेला.

"बाबा, सिन्नरचं नाव मीच सांगितलं."

"ठाऊक हाय. पोलिसांनी सांगितलं." बाबा भिंतीकडे बघत राहिले. "तुझी बोटं ठेचत होते, ते कळतं मला. पण फोनवर मला थांबू नको म्हनलास का? डिस्का काढा, मीनाताई पळा, एवढंच. जा आता. परत येऊ नको."

चंदर परत गेला नाही.