उभी वाकळ

साळूबाईच्या नाकाला आष्ट्यातली आमची सगळी गल्ली भीत असे. नाक तसं साधंच होतं; पण ते मुरडलं की समोरच्याला आपण आज आंघोळ केली आहे का, अशी शंका यायची. आडावर ती आधी दोर धुई, मग पोहरा धुई, तोवर मागच्या बाया घागरी घेऊन ताटकळत. "आता आड बी धुवा की," असं एकदा हरणाबाई म्हणाली. साळूबाईने आत डोकावून पाहिलं. "धुतला असता. पर तुमी समद्या वाकून बोलता, थुकी पडती."

अशा बाईने पोटासाठी धंदा निवडला तो वाकळा, गोधड्या शिवायचा. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची जुनेरी हाताळायची. फाटकी लुगडी, धोतरं, लेंगे गाठोड्याने तिच्या ओट्यावर येत. ती एकेक कापड दोन बोटांत धरून नाकाशी नेई. "ह्या धोतरात म्हातारं लय दिस खोकलंय." मग ते सगळं सोड्याच्या पाण्यात उकळे, आणि गल्लीत असा काही वास सुटे की आम्ही हातातला घास परत ताटात ठेवत असू. दोन घरांची कापडं ती एका वाकळेत कधी घालत नसे. "दोन घरचा घाम एका जागी? शिसारी येती मला." टाके मात्र असे, की उसाच्या सऱ्या पाडणाऱ्याने येऊन शिकावं.

एकदा ती यमाईच्या दर्शनाला औंधला गेली आणि तिथलं चित्रांचं संग्रहालय बघून आली. समोर राहणाऱ्या कुतुबुद्दीन टेलरला तिने ते ओट्यावरूनच सांगितलं.

"नुसतं कापाड हाय, कुतुबभाई. त्येच्यावर बाई रंगवल्याली. आन् मानसं हात मागं बांधून बघत्यात. कुनी बसंना, कुनी नाक पुसंना."

"मग, आक्का?"

"माझ्या हातचं समदं चाळीस वर्सं लोकांच्या बुडाखालीच गेलं. एक तरी वाकळ उभी बघायची हाय मला. भितीवर."

कुतुबुद्दीनने त्या दिवसापासून दुकानातली कातरणं साठवायला घेतली. खण, पॉपलीन, शाळेच्या चड्ड्यांची खाकी, शौकीन लोकांचं टेरलीन. नवं कापड, अजून कुणाचा घाम न लागलेलं. त्यामुळे नियमही मोडला नाही आणि अख्खा गाव एका वाकळेत आला. दोन वर्षं ती शिवत होती.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. कुतुबुद्दीन कमिटीत होता. वाकळ त्याच्या हातात देताना साळूबाई एवढंच म्हणाली, "उभी ऱ्हायली पायजे." त्याने स्वतः दोन मोठे खिळे ठोकून ती भिंतीवर लावली.

वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून सांगतो. मण्यांचे पोपट सतरा होते. सगळे एकाच बाजूला बघत होते आणि एकाचाही चेहरा जगावर खूश नव्हता. अंड्याच्या टरफलाच्या बाहुल्यांना आतून अजून अंड्याचा वास होता. कापसाचा एक हंस होता, त्याला घामेजल्या हातांनी इतकं थोपटलं होतं की तो उकिरड्यावरून चालत आल्यासारखा दिसे. एका बहाद्दराने स्वतःच्या कापलेल्या केसांचा गरुड केला होता. त्याची चिठ्ठी मी श्वास रोखून लिहिली.

शुक्रवारी दुपारी कुतुबुद्दीन नमाजाला गेला आणि नेमके तेव्हाच प्रमुख पाहुणे आले. भाऊसो म्हणजे आमच्याकडचे मोठे बागायतदार आणि बऱ्याच कमिट्यांचे अध्यक्ष. ते वेळेवर आले, त्यामुळे सगळ्यांची धांदल उडाली. सतरंजी अजून यायची होती. पाहुणा आला की वाकळ अंथरायची, हे आमच्याकडे माणसाला बोलायला यायच्या आधी कळतं. कृष्णात नावाच्या कार्यकर्त्याने इकडे-तिकडे पाहिलं, भिंतीवरची वाकळ काढली आणि मोठ्या अदबीने जमिनीवर अंथरली.

भाऊसो सरळ उसाला पाणी पाजून आले होते. त्यांनी अदबीने पायताणं बाहेर काढली आणि चिखल पायांवरून आत आणला. बसले. चिवडा आला, लाडू आला. चहा बशीत ओतून भुरकताना त्याची एक धार दाढीवरून खाली गेली. मग त्यांनी तंबाखू मळून तिचा चुरा आजूबाजूला झटकला. अध्यक्षांना कोण काय बोलणार?

एवढ्यात धुवट लुगडं नेसून साळूबाई आली. आधी तिला भिंतीवर दोन खिळे दिसले. मग तिने खाली पाहिलं.

"भाऊसो, उठा."

"का वं आक्का? लय मऊ हाय. डोळं मिटाया लागल्यालं."

"म्हनूनच. उठा."

ते उठले. कृष्णात मधे पडला. "आवं काकी, वाकळच हाय न्हवं?"

साळूबाईचं नाक मुरडलं नाही. ते पहिल्यांदाच नुसतं लाल झालं. "व्हय रं," ती म्हणाली, "वाकळच हाय." आणि चार टोकं गोळा करून निघून गेली.

कुतुबुद्दीन धापा टाकत तिच्या दारात पोचला, तेव्हा ती सोड्याच्या पाण्यात वाकळ बडवत होती. तो शिव्या खायच्या तयारीने उभा राहिला.

"धरा ते टोक," ती म्हणाली.

दोघांनी पिळली. भिजलेली वाकळ वासराएवढी जड झाली होती. तिच्या दोरीला ती पेलेना. तेव्हा कुतुबुद्दीनने दुकानातून लोखंडी तार आणली आणि तिच्या ओट्याच्या खांबापासून आपल्या दुकानाच्या गजापर्यंत गल्लीवर आडवी ताणली.

प्रदर्शनाला जाणाऱ्यांची वाट त्याच गल्लीतून होती. पहिली थांबली हरणाबाई. "अगं बया, ह्यो माझ्या चोळीचा खण." मग कुणाला पोराच्या चड्डीची खाकी सापडली, कुणाला सुनेचं पॉपलीन. गर्दी जमली, शाळा ओस पडली. परत निघालेले भाऊसोही तिथे अडकले. "च्यायला, ह्यो तर माझा टेरलीनचा शर्ट," म्हणत त्यांनी बोट पुढे केलं.

"हात मागं," ओट्यावरून साळूबाई म्हणाली.

अध्यक्षांनी हात मागे बांधले. त्यांचं बघून गल्लीने बांधले. सगळे बराच वेळ बघत उभे राहिले, आणि वाकळ त्यांच्या पायांवर पाणी गाळत राहिली.

"वाळली की पुन्यांदा शाळंत लावू, आक्का," कुतुबुद्दीन हळूच म्हणाला.

साळूबाई चहाच्या डागाकडे बघत होती. तो निघाला नव्हता. तिचं नाक मुरडलं.

"नगं. तितं त्यो केसांचा गरुड हाय."