कोपऱ्यातला पेन्सिलीचा आकडा

पेपर तपासताना जगदाळे गुरुजींचे ओठ हलत. सव्वा, पावणेदोन, अडीच. बहात्तरच्या दुष्काळानंतर वर्षभराने मी माधवनगरहून म्हसवडच्या शाळेत नवा शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा त्यांच्या गणिताच्या गठ्ठ्यात 'सव्वाअकरा' मार्क पाहून मला हसू आवरेना. "गुरुजी, भाजी तोलताय का?" मी विचारलं. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "गड्या, ह्या पोरीनं गणित मांडलं बरोबर, निस्ता हातचा इसरली. तिलाबी शून्य आन कोरा कागद देणाऱ्यालाबी शून्य? मग तिनं मांडायचं कशापायी?"

ती पोरगी म्हणजे भामा. मेंढरं राखणाऱ्या बिराची थोरली लेक, माझ्या सातवीच्या वर्गातली. गणितात पास व्हायला पस्तीस लागत आणि भामा आदल्या वर्षी नऊवर होती. बिराने गुरुजींना स्पष्ट सांगितलं होतं, "आवं, चढती हाय तवर शिकू द्या. थांबली की मेंढरांमागं, न्हाईतर सासरी." त्याला वाचता येत नव्हतं. प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवण्याआधी तो कुणाकडून तरी आकडा वाचून घ्यायचा आणि मागच्या आकड्याशी ताडून बघायचा. सव्वादोन वाढले म्हटल्यावर म्हणे त्याने भामाला नवी पाटी आणली होती.

सहामाहीला हेडमास्तरांनी मार्क बंद केले. अ, ब, क, ड एवढीच अक्षरं लिहायची. पस्तीसच्या खाली सगळे ड. मी नुकताच बी.एड. झालेला, मला ते फार सुधारलेलं वाटलं. गुरुजी एवढंच म्हणाले, "येका खड्ड्यात समदी ढकलली तर कोण वर चढतंय ते दिसायचं कसं?" वाद त्यांनी घातला नाही. गणिताच्या रकान्याच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने आकडा मात्र लिहून ठेवला. भामाच्या ड शेजारी साडेचौदा होते, आणि बिराने तेच वाचून घेऊन अंगठा उठवला.

पुढच्या चाचणीनंतर शाळेची तपासणी यायची होती. प्रगतिपुस्तकं वर्गशिक्षक म्हणून माझ्याकडे होती. गुरुजींनी याही वेळी कोपऱ्यात लिहिलेले आकडे मला गबाळे वाटले. मी रबर घेतलं आणि चाळीसच्या चाळीस पुस्तकांतले पुसले. गुरुजींना विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. तपासणी झाली आणि पुस्तकं घरी गेली.

पंधरा दिवस भामा आली नाही. गुरुजी आपली मार्कांची वही काखेत मारून सायकलवरून तिच्या वाडीवर गेले आणि संध्याकाळी परतले. व्हरांड्यात बसून म्हणाले, "गेली रं. जतकडं लगीन लावून दिलं. बिरा म्हणतो, ड हे अक्षर मला आता वळखू येतंय. दोनदा त्येच आलं, आन कोपऱ्यात बी काय न्हवतं. पोरगी थांबली म्हणून दिली." मग वही उघडून त्यांनी माझ्यापुढे धरली. "पावणेबावीस हुते तिला. वार्षिकला पास झाली असती."

मी वही मिटली. ते पुढे म्हणाले, "माझाच हात हलका. पिशवीत घासून गेला असंल आकडा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यानंतर गुरुजी इतकं दाबून लिहू लागले की पानाच्या मागेही आकडा उमटायचा. रोज शिशाची टोकं मोडायची, पोरं हसायची. मी समोर बसून बघत होतो.

निवृत्तीनंतर ते मलकापूरला आपल्या घरी गेले. आजार बळावल्याचं कळलं तसा मी भेटायला गेलो. वाटेत ठरवलं होतं, आज सांगायचंच. ते फार वाळले होते. मला ओळखलं, शेजारी बसवलं. त्यांच्या थोरल्या सुनेने चहा आणला, तो निवून गेला. मग ते म्हणाले, "ती भामा रं. मी जरा दाबून लिवलं असतं तर ऱ्हायला असता न्हवं आकडा?"

ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो गुरुजी. राहिला असता."

आठवड्यात ते गेले.