लुडेके यांचं जांभळं ईथर

हार्टविग, तुला पत्र लिहायला बसले आहे. बंद पाकिटावर तुझा विश्वास नाही, आत दमट हवा असते. तरी हे उघड. तुझी गोष्ट मी चारचौघांना सांगणार आहे आणि तू मध्ये तोंड घालायचं नाहीस.

तर डॉक्टर हार्टविग लुडेके. बाल्टिकच्या काठावरच्या आमच्या गावात पाऊस नसेल त्या दिवशी धुकं, आणि या माणसाचं पाण्याशी हाडवैर. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ईथर हे चटकन पेट घेणारं द्रावक निर्जल करायचं काम त्याच्याकडे, मी शेजारच्या टेबलावर. काचेच्या चंबूत ईथर, त्यात सोडियमचे तुकडे आणि चिमूटभर पांढरी पूड, वर नायट्रोजनचं पांघरूण. मंद आचेवर सोडियम उरलंसुरलं पाणी खाऊन टाकतं आणि पाणी संपलं की त्या पुडीनं चंबू गर्द जांभळा होतो. जांभळं म्हणजे कोरडं, आणि कोरडं म्हणजे लुडेके. नव्या विद्यार्थ्याला आधी तो चंबू दाखवला जाई, संडास नंतर.

गंमत अशी की त्या सोडियमच्या वीतभर वर, वाफ थंड करायला, नळाचं पाणी अखंड वाहत असे. रबरी नळी निसटून पाणी सोडियमवर पडलं असतं तर छप्पर जागेवर राहिलं नसतं. पण नळी लुडेकेनं स्वतःच्या हातानं तारेनं आवळली होती. ती निसटेल कशी?

नव्या विभागप्रमुख आन्त्ये रोर्स यांना ती निसटेल असं वाटे. त्यांनी पाणी शोषणाऱ्या मण्यांवर ठेवलेल्या ईथरच्या सीलबंद बाटल्या मागवल्या. रबरी बुचाला सुई टोचायची, हवं तेवढं ओढून घ्यायचं.

"डॉक्टर लुडेके, काम सुईनं होत असेल तर हा देव्हारा कशाला?"

"प्राध्यापकबाई, तुमचं कोरडेपण दुकानातलं आहे. आमचं घरचं."

"घरचं असो. आग लागली तर ती सगळ्यांची."

शेवटी ठरलं की पाणी मोजायच्या यंत्रात दोन्ही ईथर घालायची. लुडेकेचं ओलं निघालं तर चंबू कायमचा बंद. त्याची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. चंबू गेला की उरली दोन वर्षं त्यानं करायचं काय, हे त्याच्या बायकोनंही मला विचारलं होतं, जरा घाबरूनच.

मोजणीच्या दिवशी अग्निसुरक्षेचे साहेब आले. आलुबुखाराचा केक आला, बाहेर भुरभुर पाऊसही आला. ईथर उतरवून घ्यायची कुपी लुडेकेनं रात्रभर भट्टीत तापवून नायट्रोजनखाली निववली होती. त्याचा हा नियम मोडणाऱ्याला तो आठवडाभर नमस्कार करत नसे. पण पाहुणे दारात, आणि कुपीत कुठेसा पुसट डाग. आमच्याकडे काच चमकवायची म्हणजे ॲसिटोन फिरवायचा, झोपेतही हात तेच करतात. त्यानं तेच केलं. आणि त्या ॲसिटोनच्या उघड्या बाटलीनं सकाळपासून आमच्या गावची ओली हवा प्यायली होती.

यंत्रावरचा आकडा चढत गेला. दुकानातल्या ईथरचा आकडा जेमतेम हलला होता, याचा थांबेचना. साहेबांनी केकचा दुसरा तुकडा घेतला. लुडेकेच्या हातांना ॲसिटोनचा भपकारा येत होता, तो मला आला तसा रोर्सबाईंनाही आलाच असणार.

"कुपी बदलून पुन्हा घेऊ या," त्या म्हणाल्या. "माझी काही हरकत नाही."

त्यानं हो म्हणायचा अवकाश, चंबू वाचला असता. पण मग कुपी का बदलायची, हे सांगावं लागलं असतं. लुडेकेनं, खुद्द लुडेकेनं, तापवलेल्या कुपीत ॲसिटोन फिरवला, हे साहेबांच्या कागदावर आलं असतं.

"गरज नाही," तो म्हणाला. "चंबू जुना झालाय."

अब्रू वाचवायला त्यानं देव विकला. रोर्सबाईंनी मान डोलावली आणि साहेबांना कागदावर 'चंबू जुना' एवढंच लिहू दिलं. आमच्याकडे ते जमतं.

चंबू बंद करायचा म्हणजे आतलं सोडियम अल्कोहोल थेंब थेंब घालून मारायचं, आणि नियमानं दोघांनी उभं राहून. तू मला म्हणालास, "शुक्रवारी तू ये. दुसरं कुणी नको." शुक्रवारी तुझी पाठ धरली. पुढच्या वेळी माझा दात दुखला, निदान मी तसं सांगितलं. मग तू निवृत्त झालास. आच केव्हाच बंद झाली आहे, नळाचं पाणीही. नायट्रोजन मात्र मी चालू ठेवला आहे, चंबू अजून जांभळा आहे. रोर्सबाई विचारतात, कधी? मी म्हणते, लुडेके आले की. अल्कोहोलची बाटली आणून ठेवली आहे, हार्टविग. सील अजून फोडलेलं नाही.