आठ दिवसांनी

माझ्या माहेरी दोन गोष्टी मुरवतात, लिंबाचं लोणचं आणि राग. लोणचं निदान वर्षभरात संपतं. म्हणून आधीच सांगून ठेवते, ही मोठ्या मनाची गोष्ट नाही. त्या डॉक्टरांना मी माफ केलेलं नाही आणि तसा विचारही नाही.

रत्नागिरीत एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारखं आमचं पॉलिक्लिनिक आहे. मालकीणबाई स्वतः लहान मुलांच्या डॉक्टर. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी खालचा मजला बाहेरगावच्या डॉक्टरांना वार लावून द्यायला सुरुवात केली. सोमवारी त्वचेचे, बुधवारी हाडांचे, शनिवारी कान-नाक-घशाचे, आणि अधूनमधून येणारे आणखी कितीतरी. डॉक्टर ढीगभर, खोल्या तीन, ईसीजीचं मशीन एकच, आणि या सगळ्यांच्या मधे काउंटरवर मी. कुणाला कुठली खोली, कधी, मशीन कुणाकडे आणि ते परत कधी येणार, हे मी बघते. भाऊबंदांच्या घरात न्हाणीघर एकच असावं तसं हे काम आहे. सगळ्यांना एकाच वेळी हवं असतं आणि आत गेलेला लवकर बाहेर येत नाही.

या तीन खोल्यांखेरीज एक छोटी चौथी खोली होती. भिंतींना जाड फोम, जड दार आणि दारात वीतभर काच. आत बसलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. पेशंटच्या कानावर हेडफोन चढवायचा, बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की त्याने बोट वर करायचं, अशी तपासणी तिथे चालायची. आम्ही तिला कानाची खोली म्हणायचो. तपासणी करणारी मुलगी चिपळूणहून यायची, तीही फक्त शनिवारी. शनिवारच्या डॉक्टरांनी मोठ्या खोलीत पेशंट बघायचे आणि दुपारी कानाच्या खोलीत त्या मुलीने तपासण्या करायच्या, असं ठरलेलं होतं.

आता या शनिवारच्या डॉक्टरांबद्दल. घाटावरचे. आंबा घाट उतरून स्वतःच्या गाडीने यायचे, हातात चार पुडांचा डबा. हुशार असतील, नाही म्हणत नाही. पण डबा खाऊन झाला की त्यांना झोप यायची, आणि अख्ख्या क्लिनिकमध्ये शांत, थंडगार आणि आतून कडी लागणारी अशी एकच जागा होती. कानाच्या खोलीतल्या खुर्चीवर रेलून, रिकामा डबा मशीनवर ठेवून ते झोपायचे. बाहेर बाकावर ऐकू न येणारी म्हातारी माणसं बसलेली असायची. ती मुलगी दार वाजवायची. पण ती खोली बांधलीच होती बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून. ते उठेपर्यंत तिच्या परतीच्या गाडीची वेळ झालेली असायची. भांडायची तिला चोरी, कारण पेशंट पाठवणारे तेच. मी मालकीणबाईंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "अगं, एवढ्या लांबून येतात, जरा सांभाळून घे." घाटावरून माणूस आला की आमच्याकडे तो लांबून आलेला असतो. मालगुंडहून दोन गाड्या बदलून आलेली म्हातारी जवळची.

ती मालगुंडची म्हातारी म्हणजे माझी आई.

आईने जन्मभर मासे विकले. बाजारात तिची हाक पार कोपऱ्यापर्यंत जायची. तिचे कान असे बघता बघता गेले की आम्हालाच उशिरा कळलं. नाटे गावी तिची धाकटी बहीण, माझी मावशी, दम्याने खाटेला खिळलेली. वर्षानुवर्षं रोज दिवेलागणीला मावशी फोन करायची. काय मासळी लागली, काय शिजवलं, कोण कुणाशी बोलत नाही, असं सगळं. ऐकू यायचं बंद झालं तसं आई फोन उचलून नुसती "हां, हां" करायला लागली. मग तेही जमेना, तेव्हा तिने फोन उशीखाली ठेवला. विचारलं तर म्हणायची, "रेंज नाय." बहिरी झाले असं म्हणायची नाही. मावशीचा मला फोन आला, "तुज्या आयेन राग धरलान काय माज्यावर? मी आता किती दिवसांची, तिला सांग." दम लागल्यामुळे तिला एवढं बोलायलाही वेळ लागत होता.

आईच्या कानाला मशीन बसवायचं तर आधी तपासणी हवी होती. मी आईचं नाव लावलं. डॉक्टर झोपले. पुढच्या शनिवारी पुन्हा लावलं, पुन्हा झोपले. सगळ्यांच्या वेळा लावणारी मी, आणि माझ्याच आईला वेळ मिळेना.

मधल्या काळात डॉक्टरांनी मालकीणबाईंना पटवून अपॉइंटमेंटचा एक प्रोग्रॅम आणला. पेशंटला परत कधी बोलवायचं त्या दिवसांचा आकडा टाकला की तो आपला तारीख काढायचा आणि मेसेज पाठवायचा. पहिल्याच शनिवारी डॉक्टर एका पेशंटला म्हणाले, "आठ दिवसांनी या." मी सात टाकला. आपल्याकडे आठ दिवस म्हणजे सात आणि पंधरा दिवस म्हणजे चौदा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शनिवारी आठ दिवसांनी ये म्हटलेला माणूस शनिवारीच उगवतो. डॉक्टरांनी स्क्रीनवर सात बघितला आणि भरल्या हॉलमध्ये आवाज चढवला, "मी आठ म्हटलं, तुम्ही सात कसं टाकता? मी बोलतो तेच टाकायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही." मी मान हलवली. त्यानंतरही मी गुपचूप सातच टाकत होते, कारण हाल पेशंटचे झाले असते. पण ते वाक्य मी बरणीत भरून ठेवलं.

मग तो शनिवार आला. आई सकाळपासून बाकावर बसलेली, मांडीवर मालकीणबाईंसाठी आणलेल्या सुक्या कोळंबीची, सोड्यांची पुरचुंडी. दुपार कलली तसं तिला राहवलं नाही. उठून तिने दाराच्या काचेला डोळा लावला आणि माझ्याकडे वळून, बहिरी माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, "काय गो, ह्यो निजलाय?" सगळा हॉल हसला. त्या मुलीने अखेर धीर करून बाहेरून खोलीचं बटण बंद केलं. एसी थांबल्यावर डॉक्टर डोळे चोळत बाहेर आले. समोर आई. तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ते ओरडले, "आजी! आठ दिवसांनी या! कळलं का? आठ दिवसांनी!" आणि आजूबाजूला बघून हसले. हसणाऱ्याबरोबर हसणारी माणसं असतातच.

आईला ते ओरडणंही कळलं नाही. तिला फक्त हसणारे चेहरे दिसले. तिने मला विचारलं, "काय बोल्ला गो?" मी दोन्ही हात वर केले, अंगठे दुमडले आणि बोटं दाखवली. आठ. आईने पुरचुंडी काउंटरवर ठेवली, छत्री घेतली आणि चालायला लागली. माझ्या डोक्यात तेव्हा जे काही आलं ते लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी निघताना डॉक्टर किल्ली फिरवत म्हणाले, "मॅडम, माझं नेहमीचं आठ दिवसांनी लावून टाका. दोन्ही खोल्या आणि सगळे पेशंट."

"आठच ना, डॉक्टर?"

"मग काय सांगतोय मी?"

मी आठ टाकला. खोल्यांना आठ, पेशंटना आठ. स्क्रीनवर रविवार उमटला. इतकं सुंदर अक्षर मी त्या स्क्रीनवर कधी पाहिलं नव्हतं.

आठवडाभर मी मान मोडून काम केलं. डॉक्टरांच्या एकेका पेशंटला स्वतः फोन केला आणि रविवारी चालेल ना विचारलं. बहुतेकांना बरंच वाटलं, रविवारी न्यायला-आणायला पोरं घरी असतात. ज्यांना जमणार नव्हतं त्यांना पुढचा शनिवार दिला. मोकळ्या झालेल्या शनिवारी रखडलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या तपासण्या लावल्या, पहिलं नाव आईचं. त्या मुलीला पहिल्या गाडीने यायला सांगितलं. मालकीणबाईंनी शनिवारचं पान बघून भुवया उंचावल्या. म्हटलं, "डॉक्टरांनी आठ दिवसांनी सांगितलं होतं." त्यांनी बोटांवर मोजलं, चष्मा काढून पुसला आणि मला चहा सांगायला सांगितलं. डॉक्टरांना त्यांच्याच प्रोग्रॅमने मेसेज पाठवला होता. पण असले मेसेज वाचणं हे आमच्यासारख्यांचं काम.

शनिवारी डॉक्टर डबा घेऊन आत आले. सगळे बाक भरलेले, आणि त्यांचा एकही पेशंट नाही.

"माझे पेशंट कुठे आहेत?"

"उद्या आहेत, डॉक्टर. खोलीही उद्याच आहे."

"उद्या? उद्या रविवार आहे!"

"आठ दिवसांनी म्हणाला होतात. तुम्ही बोलता तेच टाकते मी. स्वतःचं डोकं चालवत नाही."

मग बाकावरच्या एका म्हाताऱ्याने पेरांवर मोजायला सुरुवात केली, "शनवार सोडा... रयवार येक, सोमवार दोन..." आठव्या पेरावर आला तसा म्हणाला, "बरोबर हाय वो डॉक्टर. रयवारच येतो." त्या दिवशी हसणाऱ्यांची बाजू बदलली.

डॉक्टर लालबुंद होऊन कानाच्या खोलीकडे गेले आणि दारावर थापा मारायला लागले. आत आई हेडफोन लावून बसलेली. डॉक्टर बाहेरून ओरडत होते, दार धडधडत होतं, आणि आई त्या मुलीने वाढवत नेलेले आवाज कानी आले की शांतपणे बोट वर करत होती. मग तिला काचेत चेहरा दिसला. तिने ओळखला. क्षणभर बघितलं, दोन्ही हात वर केले, अंगठे दुमडले आणि बोटं दाखवली.

त्या दुपारी डॉक्टरांनी डबा बाकावर, दोन म्हाताऱ्यांच्या मधे, मांडीवर ठेवून खाल्ला. बाहेर रिक्षावाल्यांचे हॉर्न चालू होते. रात्री लॉजवर राहिले आणि रविवारी सगळे पेशंट बघून घाट चढले.

आईच्या कानाला मशीन बसलं. त्या संध्याकाळी तिने स्वतःहून नाट्याला फोन लावला. मावशी म्हणाली, "आता आठवण झाली?" आई म्हणाली, "रेंज नव्हती गो." दोघी रडल्या. मग आईने काचेतल्या तोंडाची गोष्ट सांगितली, आणि मावशी इतकी हसली की दम लागून तिच्या सुनेला फोन काढून घ्यावा लागला.

मावशी शिमग्यापर्यंत राहिली नाही. तेरावं झाल्यावर नाट्याहून परतताना आई गाडीत खिडकीशी बसली होती. कानात मशीन, मांडीवर फोन. मग म्हणाली, "ऐकू येत नव्हता तवा मी नुसती हां हां करीत होतंय. ती तवा काय काय बोल्ली आसंल गो?"



डॉक्टर अजून दर शनिवारी येतात. कानाच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, डबा गाडीत बसून खातात आणि तिथेच झोपायचा प्रयत्न करतात. आमच्या फाटकाशी जांभळाचं झाड आहे आणि त्याच्या सावलीत एकच गाडी मावते. शनिवारी मी अर्धा तास लवकर जाते आणि माझी स्कूटर तिथे आडवी लावते.