भोजलीला भेटायला देवरीला

जायचं ठरलं ते व्हॉट्सअॅपमुळे. गोंदियातल्या आमच्या जुन्या मोहल्ल्याचा ग्रुप गुड्डूने मागच्या वर्षी काढला. बावीस जण आहेत. सकाळी बावीस फुलं येतात आणि दिवाळीला बावीस दिवे. ऑक्टोबरात कुणीतरी लिहिलं, चला, एकदा सगळे जमू, इटियाडोहच्या धरणावर डबा घेऊन जाऊ. धडाधड अंगठे आले. मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं, कारण ग्रुपवर जी नव्हती तिलाच मला भेटायचं होतं.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच. ती माझी भोजली, एवढं सध्या पुरे.

ज्यांना तिकडे जायचं आहे त्यांच्यासाठी आधी कामाचं सांगते. पुण्याहून थेट गाडी आहे, पण ती फार वेळ खाते. मी रात्रीच्या गाडीने नागपूरला उतरले आणि तिथून दुसऱ्या गाडीने अडीच तासांत गोंदिया. नोव्हेंबर उत्तम. दिवसा ऊन, पहाटे स्वेटर, आणि दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे भारे. भंडारा सोडलं की हवेला धानाचा वास येतो. स्टेशनसमोर साधी, स्वच्छ लॉजं आहेत, आधी बुकिंग करायची गरज नाही. नाश्त्याला स्टेशनबाहेर तर्री-पोहे खा. "तिखट कम" असं सांगा, तरी नाकातून पाणी येईल.

लॉजवर बॅग टाकून खाली आले तर गुड्डू स्कूटर घेऊन उभा. गुड्डू म्हणजे आमच्या समोरच्या घरातला, माझ्याच वर्गातला. आता त्याचं टायरचं दुकान आहे, पोट सुटलंय, हसणं तेवढं तसंच.

"बाकीचे?" मी विचारलं.

"बाकी सब बहानेबाज, विजू. एकाच्या घरी पाहुणे, एकाचा बीपी. इटियाडोह कॅन्सल. तू आलीस ना, बस."

पुण्यामुंबईचे सोडाच, गोंदियातलेही आले नव्हते. मला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली, कारण एरवी न येणाऱ्यांत मीच पहिली असते.

आमचा मोहल्ला गावाच्या टोकाला होता, राइस मिलच्या मागे. त्यापुढे शेतं आणि एक तळं. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, म्हणून साताऱ्याकडची आमची माणसं इथे येऊन पडली होती. आजूबाजूला पोवार, मारवाडी, छत्तीसगढी, सगळ्या बोलींची खिचडी. आता टोक कुठेच राहिलेलं नाही. शेतांत प्लॉट पडले आहेत, रंगीत बंगले आहेत, आमच्या भाड्याच्या घराच्या जागी मोबाईलचं गोडाऊन आहे. मी फोटो काढायला फोन वर केला आणि काय काढायचं तेच कळेना. तळं मात्र आहे. अर्धं बुजवलेलं, पण आहे.

त्या तळ्यावर आम्ही भोजली झालो. पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांना हे माहीत नसेल. श्रावणात मुली टोपलीत गहू पेरतात आणि अंधाऱ्या खोलीत ठेवतात. पिवळीधमक रोपं येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत ती टोपली तळ्यावर नेतात आणि विसर्जन करतात. काही रोपं हातात ठेवतात, आणि ज्या दोघींचं जमतं त्या ती एकमेकींच्या कानामागे खोचतात. झाल्या भोजली. ही नुसती मैत्री नाही. त्या दिवसापासून तिची आई ती माझी फूलदाई. सुखदुःखाला जायचंच. आणि त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, समोर नाही, मागे नाही. हाक मारायची ती "भोजली", आणि भेटल्यावर म्हणायचं, "सीताराम भोजली."

आम्ही दहा वर्षांच्या होतो. माझी आई म्हणाली, "पोरींचा खेळ आहे." फूलदाईला तो खेळ वाटला नाही. ती शेजारीच राहायची, राइस मिलमध्ये धान पाखडायला जायची. आईला कावीळ झाली आणि ती दीड महिना दवाखान्यात होती तेव्हा मी फूलदाईकडे जेवले, तिथेच झोपले. सकाळी ती दोघींना पुढे-मागे बसवून दोघींच्या वेण्या घालायची, एकाच तेलाच्या बाटलीतून. एका ताटात वाढायची. मोठा घास कुणी घेतला यावरून आमची भांडणं व्हायची.

दहावीनंतर वडिलांची बदली झाली. दोन वर्षं एकमेकींच्या घरच्यांच्या नावाने पत्रं चालली, मग माझ्याकडून थांबली. पुढे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला तिच्या लग्नाची पत्रिका आली. आत तिच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती: भोजली, तू आल्याशिवाय मी हळद लावणार नाही. त्याच आठवड्यात आमची कॉलेजची कोकणातली सहल होती. मी सहलीला गेले. परीक्षा होती, आजारी होते, असलं काही असतं तर आज लिहायला सोपं गेलं असतं. मी समुद्रात पाय बुडवून उभी होते आणि मला तिची आठवणसुद्धा आली नाही.

गुड्डूला मी तळ्याकाठी विचारलं, "ती कुठे असते, माहीत आहे?"

"देवरीला. नवरा गेला तिचा, चार-पाच साल झाले. बसस्टँडच्या मागे शिलाई करते म्हणतात. नंबर नाही माझ्याकडे. भाऊ राजनांदगावला गेला, त्याच्याशी बोलणं नाही कुणाचं." मग म्हणाला, "जाशील?"

"त्यासाठीच आले."

"अब आली," गुड्डू म्हणाला. टोमणा नव्हता तो, पण लागायचा तिथे लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमगावमार्गे देवरीची लाल गाडी पकडली. सत्तरेक किलोमीटर असेल, दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. डाव्या खिडकीला बसा. आमगावपर्यंत सपाट धानपट्टा, मग हळूहळू जंगल सुरू होतं. रस्त्याकडेला बाया डोक्यावर भारे घेऊन चाललेल्या. माझ्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. मी त्यांना भोजलीचं नाव सांगून विचारलं, ओळखता का. नाही म्हणाल्या. देवरी स्टँडवर पानवाल्याला तेच नाव सांगितलं. मग किराणावाल्याला. मग एका रिक्षावाल्याला. तासाभरात ते नाव मी आठ-दहा वेळा घेतलं असेल.

नियम मी विसरले होते असं म्हणणार नाही. पहिल्यांदा घेतलं तेव्हा जीभ अडखळली होती. पण मी स्वतःला सांगितलं, विचारायचं तर नाव घ्यावंच लागेल, आणि ती काही समोर नाही. दुसऱ्यांदा अडखळली नाही. एकदा दार किलकिलं केलं की पुढचं आपोआप होतं.

घर सापडलं. पत्र्याचं फाटक, आत छोटं अंगण, ओसरीवर शिलाई मशीन. पाठमोरी बाई मशीनवर वाकलेली. फाटकाशी कुत्रं भुंकत होतं, मशीनचा आवाज होता, आणि मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्याने हाक मारली. नावाने.

मशीन थांबलं. ती वळली. केस पिकलेत, चष्मा आहे, पण मान तिरकी करून बघायची लकब तीच. मला ओळखलं तिने, लगेच. चेहऱ्यावर एक हसू यायला निघालं होतं ते मी स्वतः पाहिलं. मग ते आलं नाही.

"या," ती म्हणाली. "बसा."

या, बसा. मला काय झालं ते तिथेच कळलं. मी घाईघाईने म्हटलं, "सीताराम भोजली."

"रामराम," ती म्हणाली. असं ती पोस्टमनलाही म्हणत असेल.

आतून तिची मुलगी आली. कविता, बावीस-तेवीस वर्षांची, देवरीतच कॉलेजला आहे. कोण आलं विचारू लागली. भोजली मशीनवरचं कापड आवरू लागली, म्हणून मीच सांगितलं, मी पुण्याहून आले, तुझ्या आईची भोजली.

पोरगी उडालीच. "भोजली मावशी? तुमचं लुगडं मी गॅदरिंगले नेसली होती. आईनं तुमच्यासाठी लग्नात घेऊन ठेवलं होतं ना, पेटीत पडून होतं. नेसू देत नव्हती, लय भांडली तेव्हा दिलं." मग आईकडे वळून, "पाह्य, आल्या का नाही?" आणि परत माझ्याकडे, "मी हिले किती वेळा म्हटलं मावशी, तू फक्त नाव सांग, दोन मिनिटांत फेसबुकवर शोधून देते. सांगतच नाही. म्हणे, नाव नाही घ्यायचं. मी म्हटलं, कागदावर लिहून दे. म्हणे, लिहिणं म्हणजे घेणंच. आता बिना नावाचा माणूस मी कसा शोधू?"

मी भोजलीकडे बघू शकले नाही. माझ्याकडे तिचं नाव होतं, फेसबुक होतं, पुणे होतं, आणि मी कधी एकदाही ते टाईप केलं नव्हतं. तिला मला शोधायचं होतं आणि तिने पाळलेल्या नियमाने तिचे हात बांधले होते. आणि मी तो नियम फाटकावरूनच मोडून आत आले होते.

"फूलदाई?" मी विचारलं.

"गेली. आठ वर्षं झाली. माझ्यापाशीच होती. शेवटी शेवटी कोणाले ओळखे नाही. दारात पाय वाजला की विचारे, भोजली आली का."

त्यानंतर ती स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले तर म्हणाली, "धूर आहे, बाहेर बसा." तांदळाच्या पिठाचा चिला केला, टमाट्याची चटणी, चिन्नोरचा भात, लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी. तो भात तुम्ही तिकडे गेलात तर नक्की खा, शिजताना घरभर वास सुटतो. ताट चौरंगावर ठेवलं. मी म्हटलं, तूही बस. "तुम्ही जेवा," म्हणाली आणि उभं राहून वाढत राहिली, पाण्याचा तांब्या भरत राहिली. कशात काही कमी नव्हतं. पाहुण्यांना वाढतात तसं सगळं नीट वाढलं. ताटात काही टाकलं असतं तर आणखी एक चूक झाली असती, म्हणून संपवलं.

कविता पाणी भरायला गेली तेव्हा मी म्हटलं, "माझं चुकलं गं. लग्नाचंही चुकलं. आजचंही."

ती तयार ब्लाउजांची घडी घालत होती. घडी घालून झाल्यावर बोलली. आवाज चढला नाही.

"लग्नाचा राग नाही. तेव्हा लहान होतो. दाई गेली तेव्हाही मी म्हटलं, तिले कळलं नसन. नवरा गेला तेव्हाही तेच म्हटलं. सदतीस वर्षं मी तुमचं नाव तोंडात नाही आणलं. पोट्टी हसे मले, तरी नाही. तुमाले फाटकापासून ओसरीपर्यंत दम नाही निघाला."

मी पुण्यात बँकेत लोकांच्या तक्रारी सोडवते, बोलण्यात कुणाला हार जात नाही. तिथे मी रडले. तिने पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला नाही.

गोंदियाची शेवटची गाडी चुकवू नका, संध्याकाळनंतर पंचाईत होते. कविता स्टँडवर सोडायला निघाली. फाटकाशी तिने फोन काढला. "नंबर द्या मावशी. काय लिहू?"

"भोजली लिही," मी म्हटलं.

कविताने आईकडे पाहिलं. ती ओसरीवरून म्हणाली, "त्यायचं नाव विचारून नीट लिही. आडनावासकट. कामी पडते."

मी सांगितलं. कविताने लिहून घेतलं आणि मला मिस्ड कॉल दिला.

परतीच्या प्रवासाचं लिहिण्यासारखं काही नाही. गुड्डू स्टेशनवर आला होता, त्याने संत्री दिली. कशी आहे ती, असं विचारलं. चांगली आहे म्हटलं. ग्रुपवर मी तळ्याचा फोटो टाकला, एकवीस अंगठे आले.

घरी येऊन आज पंधरा दिवस झाले. नवरा म्हणतो, भेट तर झाली ना, आता नंबर आहे, बोलत जा, सुधारेल. त्याचं खरंही असेल. पण मी हे लिहिते आहे ते सहलीचं कौतुक सांगायला नाही. तुमचंही कुणी तिकडे असेल, गावाच्या टोकाला, एखादा शब्द सांभाळून बसलेलं. आपल्याला वाटतं, जाऊ कधीतरी, माणसं कुठे जातात? माणसं तिथेच असतात. उशीर झाला तरी दार उघडतात, जेवूही घालतात. पण जे नातं त्यांनी एकट्याने तोलून धरलेलं असतं ते आपण पोचेपर्यंत टिकेलच असं नाही, आणि माझ्या बाबतीत तर ते टिकलं होतं. मी पोचले आणि तुटलं.

घरी पोचल्याच्या दिवशीच मी फोन केला होता. कविताने उचलला, आईकडे दिला. थोडा वेळ मशीनचाच आवाज येत होता. मग तो थांबला.

"हां, विजयाताई," ती म्हणाली. "पोचल्या का?"

दहा वर्षांची होते तेव्हापासून तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं नव्हतं. तिने ते अगदी स्पष्ट उच्चारलं, कुठे अडखळली नाही.

मी म्हटलं, हो, पोचले.