तारांची सवय असलेलं विमान

“डिझाइन पुतणीचंच हाय म्हणे. काका नुस्ते खुर्चीत बसून उडवायचे.”

माझ्या मागे चहा पीत उभ्या असलेल्या दोघांतला एक बोलला. काकांना जाऊन महिना झाला होता. त्यांच्या आठवणीसाठी हौसेनं छोटी विमानं बनवून उडवणाऱ्या क्लबची मंडळी लातूरबाहेरच्या माळावर जमली होती, आणि सतरंजीवर त्यांचं पिवळं विमान ठेवलं होतं. मी वळले नाही.

दिनकरकाका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, नांदेडला बँकेत होते. सुटीच्या दिवशी ते दोन तारांना बांधलेलं विमान उडवत. तारांची मूठ हातात, विमान भोवती घिरट्या घालतंय, आणि मधे काकाही त्याच्याबरोबर गोल फिरताहेत. पुढे त्यांना चक्करेचा त्रास जडला. डॉक्टरांनी असं गोल फिरणं बंद केलं. “मग बसून उडवू की,” म्हणाले, आणि तेच विमान रेडिओवर चालेल असं करायला घेतलं.

नुसत्या तारा काढून ते होत नाही. तारा ताठ राहाव्यात म्हणून असं विमान मुद्दाम बाहेर ओढणारं बनवतात. शेपटीचं सुकाणू बाहेर वळवलेलं, आतला पंख जरा लांब, बाहेरच्या म्हणजे उजव्या पंखाच्या टोकात वजनाला शिसं. काकांनी सुकाणू सरळ केलं, दोन्ही पंख सारखे केले, त्यांना विमान वळवायला हलत्या पट्ट्या बसवल्या. शिसं तेवढं आत राहून गेलं. पहिल्याच उड्डाणात विमान उजवीकडे कलत कलत तुरीत घुसलं. काका खुर्चीत हसून हसून बेजार. “अजून तारा शोधून राहिलंय गं ते!”

मी फक्त रिमोटची सेटिंग लावून दिली होती, कारण त्यावरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नसत.

इतक्यात माइकवरून क्लबचे सर म्हणाले, “आणि हे बनवणारी आपली ताई इथंच आहे!” टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. माझं मराठी इंग्रजी शाळेतलं, चारचौघांत अडखळतं. गप्प राहायला ही सबब मला नेहमी पुरते. मान वर केली तेव्हा समोर काकू दिसली. त्या विमानाचे काकांनी चिकटवलेले पंख कितीतरी दिवस तिच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर वाळत पडलेले असायचे. तीही टाळ्या वाजवत होती, माझ्याकडे बघून, अगदी कौतुकानं.

शरमेनं उभं राहवेना. मी पुढे जाऊन माइक घेतला.

“काकू, नको वाजवू. हे काकांनी बनवलंय. मी नाही.”